जुलैत दीवला गाडीने, दोघीच. जावं का?

सुलभा_दांडियाबाजार

नमस्कार. थोडं लांबेल, आधीच सांगते.

मी आणि माझी मैत्रीण दक्षा, आम्ही दोघी जुलैत बडोद्याहून गाडी घेऊन दीवला जायचं म्हणतोय. दोघी साठीच्या पुढच्या. शाळेत एका बाकावर होतो, तिचं घर मागच्याच पोळात, म्हणजे जुन्या वस्तीतल्या गल्लीत. आता ती अलकापुरीला असते. गाडी तिची, चालवणार बहुतेक मी. लायसन्स तिच्याकडेही आहे, पण ती फक्त सरळ रस्त्यावर चालवते. वळण आलं की वेग कमी करून माझ्याकडे बघते.

दीवच का, असं घरी सगळे विचारतायत. गुजरातेत दारूबंदी, दीवला ती नाही. आमच्या बँकेतले पुरुष शनिवारी काउंटर बंद झालं की गाडीत दाटीवाटीने बसून दीवला जायचे आणि सोमवारी लाल डोळ्यांनी पासबुकं भरायचे. आमच्या ह्यांचाही असाच ग्रुप होता. परत आल्यावर 'काय पाहिलंत?' विचारलं तर उत्तर एकच, 'समुद्र'. तो कोणत्या दिशेला होता हे काही सांगता यायचं नाही. बायकांना कोणी कधी नेलं नाही. आमच्या वाट्याला अंबाजी, पावागड आणि फार तर माउंट आबू. आता ह्यांना कोणी विचारू शकत नाही, म्हणून मीच जाऊन बघते म्हटलं.

दक्षाची मुलगी म्हणते, दिवाळीनंतर जा. दिवाळीत अर्धं गुजरात तिथे असतं म्हणे. मग आम्ही काय लोकांच्या पाठी बघायच्या? ऑगस्टअखेर मी घर सोडणार नाही. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदी कुठवर चढली होती ते ज्यांनी पाहिलं त्यांना कारण सांगायला नको. उरला जुलै. आषाढी एकादशीचा उपास सुटला की निघायचं, असं चाललंय.

आता अडचणी. पूर्वी ही मंडळी पादऱ्यावरून गंभीरा पुलाने सौराष्ट्रात उतरायची. तो पूल ९ जुलै २०२५ ला कोसळला, माणसं गेली. मग आता कोणत्या रस्त्याने जायचं? पावसाळ्यात समुद्र बंद असतो असंही ऐकलं, तर तिथे करायचं काय? आणि जेवण. दक्षा कांदा-लसूणसुद्धा खात नाही. मी सीकेपी, समुद्रकाठी जाऊन बटाट्याची भाजी खाल्ली तर आमचे पूर्वज रागावतील. शिवाय दोघी बायकाच, आणि गाव पिणाऱ्यांचं.

कोणी पावसाळ्यात गेलंय का? 'जाऊ नका' म्हणणारे घरात पुरेसे आहेत.

नीलेश_वाघोडियारोड

काकू, राग मानू नका, पण जुलैत दीव म्हणजे पैसे पाण्यात. नागोआ बीचवर लाल झेंडे, वॉटर स्पोर्ट्स बंद, निम्म्या टपऱ्यांना ताडपत्री. त्यापेक्षा बेट द्वारका करा. २५ फेब्रुवारी २०२४ पासून सुदर्शन सेतू सुरू आहे, होडीत बसायची कटकट गेली, गाडी थेट बेटावर. दर्शनही होईल. तुमच्या वयाला ते बरं.

मकरपुरा_मेल

नीलेशभाई, 'तुमच्या वयाला' हे लिहून तुम्ही काकूंचं दीवचं बुकिंग पक्कं केलंत.

सुलभाताई, बेट द्वारका चांगलंच आहे, पण पूल झाल्यापासून तिथे शांतता शोधायला जाऊ नका. तुम्ही दीवलाच जा आणि जुलैतच जा. मी सगळी नोकरी मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे तिथल्या औद्योगिक वसाहतीत काढली. माझा मित्र बिपिन, त्याचा होड्यांच्या इंजिनांच्या सुट्या भागांचा धंदा. त्याला पावसाळ्यातच दीवला जावं लागतं, कारण होड्या तेव्हाच जमिनीवर असतात. मी शेजारी बसतो, थर्मास सांभाळतो आणि रस्त्यावरून वाद घालतो. आम्ही दोघंही पीत नाही. हे कळलं की तिथले वेटर आमच्याकडे आजारी माणसाकडे बघावं तसं बघतात.

आधी रस्ता. छाणीवरून हायवेला लागा, वासद गाठा, तिथून बोरसद-तारापूर. वासदपासूनचा हा रस्ता आता सहापदरी आहे, गंभीऱ्याची आठवणही येणार नाही. पुढे वटामण चोकडी. इथे चहा घ्या आणि स्पष्ट सांगतो, बाथरूमही इथेच आटपा. यापुढे पिपळी, धोलेरा करत भावनगरपर्यंत भाल लागतो. सपाट, खारट, रिकामा मुलूख, आडोशाला झाड नाही. पावसाळ्यात दोन्ही बाजूंना पाणीच पाणी. लाडवासाठी आपण जो भालिया गहू आणतो तो इथलाच. त्याला वरून पाणी देत नाहीत, पावसाळ्यात जमिनीत मुरलेल्या ओलीवरच तो येतो. तुम्ही जाल तेव्हा ते मुरणं चालू असेल. वळणं जवळजवळ नाहीत, तेव्हा हा पट्टा दक्षाबेनना द्या आणि तुम्ही खिडकीतून बघा.

भावनगरला पाव-गाठिया खा. कांदा घालू नका म्हणून सांगितलं तर घालत नाहीत, चटणीत लसूण आहे का ते मात्र विचारा. पुढे त्रापजला डावीकडे फाटा फुटतो तो अलंगचा. १९८३ पासून इथे जगभरातली जहाजं भरतीला किनाऱ्यावर चढवून तोडतात. यार्डात परवान्याशिवाय सोडत नाहीत, पण त्या फाट्यावर दोन्ही बाजूंना जहाजातून निघालेल्या सामानाची दुकानं आहेत, ती कोणालाही खुली. कपबश्या, गाद्या, स्वयंपाकघरातली भांडी, लाइफ जॅकेटं, केबिनचे दरवाजे बिजागऱ्यांसकट. बिपिन तिथे हरवतो. तुमच्या दोघींपैकी एकीला भांड्यांची हौस असेल तर दुसरीने किल्ली आपल्याकडे ठेवावी.

तळाजा, महुवा, राजुला, उना. महुव्यानंतर अंधार होऊ देऊ नका. राजुला आणि पिपावावच्या बाजूला गीरचे सिंह समुद्रापर्यंत पसरलेत, रात्री रस्ता ओलांडतात. खरं तर सिंहाची भीती नाही, तो बाजूला होतो. रस्त्याच्या मधोमध बसलेली म्हैस होत नाही. एकूण अंतर चारशेच्या वर आहे. पहाटे निघालात, अलंगला फार रेंगाळला नाहीत तर उजेडात घोघल्याला पोचता. उन्याहून देलवाडा, मग तडचं चेकपोस्ट, घोघला, आणि पूल ओलांडला की दीव बेट. चेकपोस्टवर जाताना कोणी फारसं बघत नाही. येताना बघतात.

आता तुमचा मुख्य प्रश्न, करायचं काय. जून ते ऑगस्ट समुद्रात उतरायला प्रशासनाची बंदी असते, ती योग्यच आहे, जुलैचा समुद्र बघितलात तर उतरायची इच्छाही होणार नाही. पण बघायला कोणी बंदी केलेली नाही. किल्ल्यावर जा. तीन बाजूंना समुद्र, जमिनीकडे खोदलेला खंदक, त्यातही भरतीचं पाणी शिरतं. सीझनमध्ये तिथे तोफांवर बसून फोटो काढणाऱ्यांची रांग असते. जुलैत तोफा रिकाम्या. समुद्राकडच्या तटावर उभं राहिलं की लाट भिंतीवर आपटल्याचं पायाखाली कळतं. समोर पाण्यात पाणीकोठा दिसतो, तो छोटा किल्ला. तिथली होडी पावसाळ्यात बंद, म्हणून लांबूनच. पाऊस असताना वरच्या पायऱ्या चढू नका, शेवाळ आहे.

शहरात गाडी ठेवा आणि चाला. झांप्याच्या वेशीतून आत आलं की जुन्या वाड्यांच्या गल्ल्या आहेत. फिरंगीवाड्यात तीन चर्चेस. सेंट पॉल चालू आहे, सेंट थॉमसचं म्युझियम झालं, तिसऱ्यात दवाखाना होता. सेंट पॉलमधलं लाकडी कोरीवकाम बघायला सवडीने बसा, बाहेर पाऊस असेल तर घाई कशाची. नायडा गुहा वेशीजवळच. पोर्तुगीजांनी बांधकामासाठी दगड काढला त्यातून झालेल्या पोकळ्या, वरून उजेड येतो. आत निसरडं असतं, चपला चालणार नाहीत.

आणि वणाकबारा. इथे येणारा माणूस नागोआपर्यंत येतो आणि वळतो, म्हणून हे गाव कोणी बघत नाही. बेटाच्या पश्चिम टोकाला, खारवा आणि कोळ्यांचं. १ जूनपासून यांत्रिक होड्यांना मासेमारीबंदी असते, ती जुलैअखेरपर्यंत तर असतेच, गुजरातच्या बाजूला अलीकडे १५ ऑगस्टपर्यंत नेतात. माशांच्या विणीचा काळ, आणि समुद्रही असा की जाऊन मरायचंच. तेव्हा सगळ्या होड्या वर ओढलेल्या. एरवी पाण्यात असताना होडीचा निम्मा भाग दिसतच नाही. इथे ती आख्खी समोर उभी असते, तळापासून. खाली उभं राहिलं की आपण तिच्या पोटाएवढेसुद्धा नाही. सुतार कुजलेल्या फळ्या काढून नव्या बसवतात, फळ्यांच्या फटीत तेलात भिजवलेला कापूस ठोकून ठोकून भरतात, मग रंग. निळा, हिरवा, भगवा, प्रत्येकाची आवड. ते ठोकण्याचे आवाज गावभर असतात. बिपिन इंजिनात डोकं घालतो तेव्हा मी एका सुताराजवळ बसतो. त्याला मी एकदा विचारलं, एका होडीला किती लाकूड लागतं? तो म्हणाला, मालकाकडे पैसे किती त्यावर. दुपारी जाळी विणणारे बाप्ये पडवीत बसतात, त्यांच्याशी गुजरातीत बोला, लगेच चहा येतो.

मासे मात्र विसरा, ताई. बंदीत जे पापलेट मिळेल ते बर्फातलं. खाडीतलं बारीकसारीक कोणी पकडलं असेल तर नशीब. जाफराबादचे सुके बोंबील मिळाले तर घ्या, ते वाळवणंही ह्याच किनाऱ्याचं. पण डिकीत ठेवून आणायचे, तर गाडी दक्षाबेनची आहे, एवढं लक्षात घ्या.

कधी जाऊ नये तेही लिहितो. सातम-आठम, म्हणजे जन्माष्टमीच्या आसपासचे दिवस. सौराष्ट्राची खरी सुट्टी तीच. कॅलेंडरवर ऑफ-सीझन दिसतो आणि दीवमध्ये खाट मिळत नाही. १५ ऑगस्टला जोडून सुट्टी आली तरी तेच. मेमध्ये आणि जूनच्या सुरुवातीला वादळांची धास्ती. तौक्ते १७ मे २०२१ ला उना आणि दीवच्या मध्येच किनाऱ्यावर आलं, त्या पट्ट्यातल्या आंब्याच्या आणि नारळाच्या बागा झोपल्या. जुलैत फक्त पाऊस असतो. तो सलग नसतो, एकदम येतो. गीरमध्ये पडला की उन्याच्या बाजूला नद्या फुगतात. निघायच्या आदल्या दिवशी हॉटेलवाल्याला फोन करून उन्याचा रस्ता विचारा, बातम्यांवर जाऊ नका.

अश्विनी_निजामपुरा

मकरपुरा काकांनी सगळं सांगितलं, बायकांचं सांगायचं राहिलं. ते मी सांगते. मी कॉलेजच्या मैत्रिणीबरोबर गेले होते, असाच पाऊस.

सुलभाताई, सोमवारी जा आणि गुरुवारी निघा. बाकी सगळे सल्ले एकीकडे. शनिवारी दुपारपासून रविवारी रात्रीपर्यंत दीव तुमच्या ह्यांच्या ग्रुपचं असतं (माफ करा). सोमवारी दुपारी तेच गाव बघा, ओळखणार नाही. रिसेप्शनवरचा मुलगासुद्धा झोपलेला असतो.

खोली नागोआला घेऊ नका. पावसाळ्यात तिथे संध्याकाळी सातनंतर शुकशुकाट असतो आणि जे चालू असतं ते बारच. दीव शहरात बंदराच्या रस्त्याला घ्या. बाजार पायी, पोलीस चौकी जवळ, रात्री जेवून परत येताना दिव्याखालून चालता. घोघल्याचा बीच मोठा आणि स्वच्छ आहे, राहायलाही हॉटेलं आहेत, पण फिरायला प्रत्येक वेळी पूल ओलांडावा लागतो. फोनवर हे विचारा: तुमच्या जेवणाच्या हॉलमध्ये दारू देता का? 'हो' म्हणाले तर दुसरं बघा. फॅमिली रूम आहे असं सांगतात, ती म्हणजे त्याच हॉलमधला पडदा. आम्ही निवडलेल्या ठिकाणी खालचा हॉल नुसता थाळीचा होता, त्यामुळे आजूबाजूला राजकोटच्या आज्ज्या आणि नातवंडं. दक्षाबेनचं तिथे नक्की भागेल. जैन थाळी म्हटलं की कांदा-लसणाचा प्रश्नच मिटतो, बटाटाही मिटतो.

भावात घासाघीस करा. ऑफ-सीझनला पहिला सांगितलेला दर कोणीच देत नाही.

एक गोष्ट मात्र. फुदमला गंगेश्वरला जाल, पाच शिवलिंगं आहेत खडकात, लाटा त्यांच्यावरून येतात. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला खाली उतरू नका. आम्ही ओहोटीला गेलो, तरी गुडघ्यापर्यंत भिजलो. पुजाऱ्याला विचारून मगच पायऱ्या उतरा. श्रावणी सोमवारी तर नकोच, पण तुम्ही आषाढात जाताय, ते छान.

अण्णा_प्रतापनगर

दीवचा विषय निघाला म्हणून चार ओळी. चारच्या चौदा होतील, वयाकडे बघून चालवून घ्यावे.

चि. सुलभा, तुम्ही ज्या प्रवासाला निघाला आहात तो आपल्या भागातून पूर्वी एका सुलतानाने केलेला आहे. हुमायूनने १५३५ मध्ये चांपानेर घेतले. पावागडाच्या पायथ्याचे ते चांपानेर आपल्याला सहलीपुरते ठाऊक, पण तेव्हा ती गुजरातची राजधानी होती. सुलतान बहादूरशहा तिथून खंबायतमार्गे पळाला तो थेट दीवला. मोगलांविरुद्ध मदत हवी म्हणून त्याने पोर्तुगीजांना दीवमध्ये किल्ला बांधू दिला. १५३१ मध्ये जे त्यांना चढाई करून जमले नव्हते, ते असे आयते मिळाले. पुढे १५३७ मध्ये त्याच दीवच्या समुद्रात पोर्तुगीजांशी झालेल्या झटापटीत बहादूरशहा मारला गेला. १५३८ आणि १५४६ चे दोन मोठे वेढे झाले, किल्ला काही परत मिळाला नाही. तो सुटला थेट १९ डिसेंबर १९६१ ला.

आमच्या घरी दीवचे नाव वेगळ्या कारणाने होते. आजोबा गायकवाड सरकारच्या महसूल खात्यात, आणि बदली कोडिनारला. आजच्या मुलांना सांगून पटत नाही की कोडिनार बडोदा संस्थानात होते. अमरेली प्रांतातला तो तालुका, चहूकडे दुसऱ्यांची राज्ये, आणि जवळच पोर्तुगीजांचे दीव. बडोद्याहून तिथे बदली म्हणजे आजी रडली होती म्हणत. नीलेशरावांनी बेट द्वारका सुचवले, तर ओखामंडळसुद्धा गायकवाडांचेच. म्हणजे दोन्हीकडे आपण परके नाही.

खुकरी स्मारक चुकवू नये. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री आयएनएस खुकरी दीवच्या समुद्रात पाकिस्तानी पाणबुडीने बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ खलाशी गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाज सोडून आले नाहीत. टेकडीवर काचेत जहाजाची प्रतिकृती ठेवली आहे. ते जहाज बुडाले ती दिशा समोर मोकळी आहे. आमच्या ओळखीतले पुष्कळ लोक दीवला जाऊन आले, हे पाहिलेला मला एकच भेटला.

मी रेल्वेतला माणूस, तेव्हा हेही सांगतो की वेरावळहून तालाळामार्गे देलवाड्याला मीटरगेजची गाडी होती, गीरच्या जंगलातून. तुम्ही उन्याहून दीवकडे जाताना देलवाडा लागेल तेव्हा स्टेशनकडे एक नजर टाका.

परतीला समुद्राचा रस्ता पुन्हा धरू नका. उन्याहून तुळशीश्याम, धारी, अमरेली असे या. तुळशीश्यामला गरम पाण्याचे झरे आहेत, देऊळ आहे, प्रसादाची सोय आहे. गीर अभयारण्याची सफारी १६ जून ते १५ ऑक्टोबर बंद असते, पण हा रस्ता जंगलातूनच जातो. दिवसाउजेडीच पार करावा, थांबून गाडीतून उतरू नये. अमरेलीत आलात की सयाजीरावांचे नाव मनात घ्यावे. सक्तीचे प्राथमिक शिक्षण त्यांनी १८९३ मध्ये पहिल्यांदा ह्याच तालुक्यात सुरू केले, सगळ्या संस्थानात १९०६ ला नेले. दक्षाबेनना हे गुजरातीतून सांगा.

नीलेश_वाघोडियारोड

अण्णा, हे सगळं शाळेत सांगितलं असतंत तर मी इतिहासात पास झालो असतो. काकू, वयाचं परत घेतो. पण गाडीचे वायपर आणि टायर बघून जा, हे तरी ऐका. भालात पाऊस आला की समोरचं बोनेटही दिसत नाही, तेव्हा हेडलाइट लावून हळू चालवत राहा. भर रस्त्यात थांबू नका, मागून ट्रक येतात.

सुलभा_दांडियाबाजार

बापरे, एवढी उत्तरं! दक्षाला सगळं वाचून दाखवलं. तुळशीश्याम ऐकून ती खूष, सिंह ऐकून गप्प. भालात ती चालवणार हे तिने मान्य केलंय, अट एवढीच की मी तिला वेग किती झाला ते विचारायचं नाही. अलंगला किल्ली माझ्याकडे राहील, कारण भांड्यांची हौस तिला.

अश्विनी, सोमवारचं पक्कं. हॉलमध्ये दारू देता का, असं फोनवर विचारलं तर पलीकडचा म्हणाला, 'मासी, मिळेल, काळजी करू नका.' चार फोननंतर थाळीवाला सापडला.

अण्णा, आमच्याकडेही एक काकाआजोबा अमरेलीला शिक्षण खात्यात होते. आम्ही लहानपणी त्यांना हसायचो, कारण ते प्रत्येक वाक्य 'अमरेलीत असताना' म्हणून सुरू करत. आता मीही करेन.

आता खरी पंचाईत. मुलाच्या सासऱ्यांना कळलं आम्ही जातोय. त्यांचा कालच फोन, 'ताई, जाताच आहात तर दोन बाटल्या आणा, तुमच्या वयाच्या बायकांची गाडी कोण तपासतं?' व्याही आहेत, तोंडावर नाही म्हणवत नाही. काय सांगू?

आणि वणाकबाऱ्याला बायका गेल्या तर तिथले लोक काही म्हणत नाहीत ना?

मकरपुरा_मेल

व्याह्यांना सरळ नाही म्हणा, ताई. तडच्या चेकपोस्टवर येताना डिकी उघडायला लावतात, कधी लावतात कधी नाही, आणि वय विचारून लावत नाहीत. गुजरातेत दारूबंदीचा कायदा आहे, बाटली सापडली तर गुन्हा चालवणाऱ्यावर, आणि गाडीही जप्त होते. गाडी दक्षाबेनची. म्हणजे व्याह्यांच्या दोन बाटल्यांसाठी कांदासुद्धा न खाणारी बाई उन्याच्या पोलीस ठाण्यात बसणार. हे चित्र त्यांना असंच सांगा, शब्दन् शब्द. ते तरी म्हणाले की आणा, तर म्हणावं तुम्हीच चला बरोबर, मागच्या सीटवर बसा, सोमवार ते गुरुवार, जैन थाळी.

वणाकबाऱ्याला काही म्हणत नाहीत. होड्यांच्या खाली लहान मुलं खेळत असतात, बायका पाणी भरत असतात. फोटो काढायच्या आधी विचारा. होडीवर चढायला कोणी बोलावलं तर शिडी हलते का ते आधी बघा. बिपिन म्हणतो, इंजिनवाल्या भाईच्या ओळखीने आलो असं सांगा, पण त्याची उधारी किती जणांकडे आहे ते मला माहीत आहे, तेव्हा त्याचं नाव न काढणंच बरं.

आणि हो, होका. दीवच्या रस्त्याकडेला ताडासारखी पण फांद्या फुटलेली झाडं दिसतील, तीच. गावोगावच्या ताडाला फांदी नसते, म्हणून दक्षाबेनना दाखवा.

सुलभा_दांडियाबाजार

व्याह्यांना तुमचं चित्र शब्दन् शब्द सांगितलं. थोडा वेळ शांत होते. मग म्हणाले, असू दे, भावनगरहून गाठिया आणा, आणि जैन थाळीचं काय भाव पडतो ते विचारून ठेवा.